कोरियन भाषकाने ‘यूबिक्विटस’ हा इंग्रजी शब्द कसा शिकावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक आणि कोरियन शिकता शिकता तिथल्या इंग्रजीकडे कुतूहलाने पाहणारे मराठी विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोरियन शब्द देवनागरीत लिहिताना उच्चार जवळपास साधले आहेत, ते तंतोतंत नाहीत. ‘सर्वत्र आढळणारे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासाठी ‘यूबिक्विटस’ आणि त्याच्या कोरियन रूपासाठी ‘युबिख्वॉथॉसु’ असे लेखन सर्वत्र ठेवले आहे.

एकाच शब्दाचा एवढा विचार कशासाठी? आणि हाच शब्द का निवडला?

प्रगत इंग्रजी शब्द कोरियन विद्यार्थ्याला सहसा अगदी अनोळखी म्हणून भेटतो. त्याचे स्पेलिंग, उच्चार आणि अर्थ सगळेच नवे असते आणि विद्यार्थी ते मुळापासून शिकतो. ‘यूबिक्विटस’चे तसे नाही. हा शब्द कोरियात आधीच राहून गेला आहे, तेथे त्याला वेगळा अर्थ, वेगळा उच्चार आणि वेगळे व्याकरण मिळाले आहे, आणि त्यामुळे विद्यार्थी तो शिकायला बसतो तेव्हा त्याच्या डोक्यातली जागा रिकामी नसते. उसना शब्द, ध्वनिव्यवस्था आणि भाषांतर या तिन्ही बाजूंनी येणाऱ्या अडचणी या एका शब्दात एकत्र दिसतात. तो नीट शिकवला, तर पुढचे कितीतरी शब्द कसे शिकवायचे हे शिक्षकाला आपोआप उमगते, असे माझे ठाम मत आहे.

हा शब्द कोरियन भाषेत कधी आणि कसा आला?

इंग्रजीत हा शब्द जुना आहे आणि त्याचे मूळ ‘सर्वत्र’ या अर्थाच्या ‘उबीक्वे’ या लॅटिन अव्ययात आहे. कोरियात मात्र तो संगणकशास्त्राच्या वाटेने आला. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मार्क वायझर यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस ‘यूबिक्विटस कॉम्प्युटिंग’ ही संकल्पना मांडली आणि 1991 साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखातून ती जगभर पोचली. संगणक टेबलावर न राहता भिंती, वस्तू आणि रस्ते यांत विरघळून जातील, असे त्यांचे म्हणणे होते.

2000 नंतरच्या दशकात कोरियन सरकारने ही कल्पना उचलली. माहिती व दळणवळण मंत्रालयाने 2004 साली ‘आयटी 839’ हे धोरण जाहीर केले. त्यातील आकडे आठ सेवा, तीन पायाभूत व्यवस्था आणि नऊ उद्योगक्षेत्रे यांचे होते. 2006 साली त्याच नावाच्या आधी ‘यू’ हे अक्षर लागले, आणि ते अक्षर ‘युबिख्वॉथॉसु’चे होते. पुढे 2008 साली ‘युबिख्वॉथॉसु शहरां’च्या उभारणीचा स्वतंत्र कायदाच झाला. सोलच्या दक्षिणेचे तोंगथान आणि इंचनजवळ समुद्रात भर घालून वसवलेले सोंगदो ही त्या काळात ‘यू-सिटी’ म्हणून गाजलेली ठिकाणे होती. सदनिकांच्या जाहिरातींपासून विद्यापीठांतील अभ्यासक्रमांपर्यंत हा शब्द सगळीकडे दिसू लागला. 2017 साली याच कायद्याचे नाव बदलून त्यात ‘स्मार्ट शहर’ हा शब्द आला आणि ‘युबिख्वॉथॉसु’ मागे पडला.

शिक्षकाच्या दृष्टीने या इतिहासाला थेट महत्त्व आहे. चाळिशीतला कोरियन अभियंता हा शब्द ऐकतो तेव्हा त्याला संवेदक, जाळे आणि सरकारी घोषणा आठवतात. सोळा वर्षांच्या मुलाला बहुधा काहीच आठवत नाही, कारण त्याच्या शाळकरी वयात सगळे ‘स्मार्ट’ झालेले होते. एकाला आधी काही विसरायला लावावे लागते आणि दुसऱ्याला मुळापासून शिकवावे लागते, म्हणून पहिल्या तासाला विद्यार्थ्याचे वय आणि व्यवसाय विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

तरीही ज्यांना कोरियन रूप माहीत आहे, त्यांना हा शब्द निम्मा येतो असे म्हणता येणार नाही का?

ओळख असते आणि तिचा फायदाही होतो. स्पेलिंग पाहिल्यावर शब्द परका वाटत नाही. पण ही ओळख तीन ठिकाणी दगा देते. पहिली गोष्ट अशी की कोरियनमध्ये ‘युबिख्वॉथॉसु’ हे नाम आहे. ते दुसऱ्या नामाच्या आधी ठेवले जाते, जसे ‘युबिख्वॉथॉसु युग’ किंवा ‘युबिख्वॉथॉसु तंत्रज्ञान’. इंग्रजीत तो शब्द विशेषण आहे. दुसरी गोष्ट, कोरियन रूपाचा अर्थ एका विशिष्ट तंत्रज्ञानापुरता आखडला आहे. इंग्रजीत मात्र कबुतरे, प्लास्टिकच्या पिशव्या, एखादी धून किंवा एखादा जीवाणूही यूबिक्विटस असू शकतो. तिसरी गोष्ट, कोरियन शब्दाला भविष्याची आणि प्रगतीची छटा आहे. इंग्रजी शब्द सद्यःस्थितीबद्दल बोलतो आणि पुष्कळदा त्यात थोडा कंटाळाही असतो.

विशेषणाचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा. कोरियन भाषेतील विशेषणे क्रियापदांसारखी चालवली जातात, आणि परक्या भाषेतील विशेषण आले की त्याला ‘हादा’ हा प्रत्यय लावून ते आपलेसे केले जाते. ‘स्मार्ट’चे ‘सुमाथुहादा’ अशाच रीतीने झाले. ‘युबिख्वॉथॉसु’ला मात्र हा प्रत्यय सहसा लागला नाही, त्यामुळे तो एखाद्या गोष्टीचा गुण सांगणारा शब्द आहे ही जाणीवच कोरियन भाषकाला झाली नाही. विद्यार्थी ‘वी लिव्ह इन द यूबिक्विटस एरा’ असे वाक्य लिहितो तेव्हा त्याच्या मनात ‘सर्वत्र संगणक असलेले युग’ असा अर्थ असतो. इंग्रजी वाचकाला मात्र ‘सगळीकडे आढळणारे युग’ असे वाचायला मिळते आणि तो बुचकळ्यात पडतो.

शब्दसंग्रहाच्या पुस्तकातला कोरियन अर्थ पाठ केला तर भागत नाही का?

कोरियात शब्दांच्या पुस्तकांना मोठी बाजारपेठ आहे. अशा पुस्तकाला विद्यार्थी ‘तानॉजांग’ किंवा इंग्रजी ‘व्होकॅब्युलरी’चा तुकडा घेऊन ‘बोखा’ म्हणतात. त्यात ‘यूबिक्विटस’पुढे बहुधा ‘दोछॉए इन्नुन’ असा अर्थ दिलेला असतो. ‘दोछॉ’ हा चिनी मुळाचा शब्द आहे. त्याच्या दोन चिन्हांचा अर्थ ‘पोचणे’ आणि ‘ठिकाण’ असा, म्हणजे जिथे जाल तिथे. हा अर्थ चांगला आहे, तो पाठ करण्यात काही गैर नाही.

खरी पंचाईत दुसऱ्या अर्थापाशी होते. अनेक शब्दकोश ‘फ्यॉन्जेहानुन’ असाही प्रतिशब्द देतात. कोरियन शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत, आणि चिनी चिन्हे बाजूला ठेवून ते हंगुल या कोरियन लिपीत लिहिले की वेगवेगळे शब्द एकसारखे दिसू लागतात. ‘फ्यॉन्जे’ हे त्याचे फार बोलके उदाहरण आहे. एका चिन्हाने लिहिला तर त्याचा अर्थ ‘सर्वत्र पसरलेले असणे’ असा होतो. दुसऱ्या चिन्हाने लिहिला तर ‘एकाच बाजूला साचलेले असणे’ असा, म्हणजे बरोबर उलटा. आज बहुतेक कोरियन मजकूर केवळ हंगुलमध्ये छापला जातो आणि रोजच्या वाचनात दुसराच अर्थ अधिक भेटतो, उदाहरणार्थ संपत्तीच्या विषम वाटपाबद्दल लिहिताना ‘संपत्तीची फ्यॉन्जे’ म्हटले जाते. त्यामुळे हुशार विद्यार्थीही ‘यूबिक्विटस’चा अर्थ ‘मोजक्या ठिकाणी एकवटलेले’ असा लावून मोकळा होऊ शकतो, आणि त्याच्या पुस्तकात दिलेला अर्थ चूक आहे असेही म्हणता येत नाही. शिक्षकाने हा प्रतिशब्द स्वतःहून काढून दोन्ही चिन्हे फळ्यावर लिहून दाखवावीत. पाच मिनिटे जातात, पण गोंधळ मुळापासून मिटतो.

मग कोरियन भाषेत या शब्दाच्या खऱ्या जवळ जाणारे काही आहे का?

आहे, आणि ते पुस्तकांत क्वचितच सापडते. कोरियनमध्ये ‘याक्बांगए कामछो’ असा वाक्प्रचार आहे. ‘याक्बांग’ म्हणजे औषधांचे दुकान आणि ‘कामछो’ म्हणजे ज्येष्ठमध. पारंपरिक कोरियन वैद्यकात ज्येष्ठमध इतर औषधींचा उग्रपणा कमी करून त्यांचा मेळ घालतो असे मानतात, म्हणून तो बहुतेक काढ्यांत पडतो. त्यावरून जो माणूस प्रत्येक प्रसंगी, प्रत्येक बैठकीत हमखास हजर असतो, त्याला ‘औषधालयातला ज्येष्ठमध’ म्हणतात. एखाद्या वस्तूबद्दलही ते म्हटले जाते.

इंग्रजीत ‘द यूबिक्विटस’ म्हणून पुढे एखादे नाम ठेवण्याची जी लकब आहे, तिचा सूर नेमका हाच आहे. ‘द यूबिक्विटस डिलिव्हरी मोटरसायकल’ असे सोलबद्दल लिहिले, तर त्यात केवळ संख्या नसते. ‘बाहेर पडलात की ती दिसणारच’ असा ओळखीचा, किंचित दमलेला स्वर असतो. हा स्वर ‘दोछॉए इन्नुन’ या कोरड्या अर्थातून विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही. ज्येष्ठमधाचे नाव काढताच तो त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

एक फरक मात्र स्पष्ट करून द्यावा लागतो. कोरियन वाक्प्रचारात ‘ज्याच्यावाचून चालत नाही’ अशीही एक छटा आहे, कारण ज्येष्ठमध काढ्याला आवश्यक असतो. इंग्रजी शब्दात ही आवश्यकता नाही. नको असलेली, त्रासदायक गोष्टही यूबिक्विटस असते, आणि पुष्कळदा तीच असते.

उच्चारात कोरियन विद्यार्थी नेमका कुठे अडतो?

या प्रश्नाला सर्वांत अधिक वेळ द्यावा, असे मी सुचवीन. इंग्रजी शब्दाचे चार अवयव, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, आहेत: यू, बिक्, वि, टस. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, दुसऱ्या अवयवावर आहे. पहिला मध्यम राहतो आणि शेवटचे दोन घाईने, जवळजवळ गिळून उच्चारले जातात. कोरियन रूपाचे अवयव पाच आहेत: यु, बि, ख्वॉ, थॉ, सु. हे पाचही सारख्या वजनाचे, सारख्या लांबीचे असतात.

पाचवा अवयव कुठून आला, याचे उत्तर कोरियन ध्वनिव्यवस्थेत आहे. कोरियनमध्ये अवयवाच्या शेवटी ‘स’ ध्वनी येऊ शकत नाही. लिपीत तेथे ‘स’चे अक्षर लिहिले जाते, पण ते त्या जागी ‘त्’सारखे बंद होते. म्हणून इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘स’ आला की त्याला आधाराला एक स्वर द्यावा लागतो. ओठ न गोलावता काढलेला, ‘उ’ आणि ‘इ’ यांच्या मधला हा स्वर आहे. 1986 साली जाहीर झालेल्या परकीय शब्दांच्या लेखननियमांतही हाच मार्ग पक्का केलेला आहे. ‘बस’, ‘गॅस’ आणि ‘युबिख्वॉथॉसु’ यांच्या शेवटी तोच स्वर ऐकू येतो. विद्यार्थ्याला ‘स’ म्हणून झाल्यावर जीभ तेथेच धरायला सांगावी, आवाज थांबू द्यावा आणि केवळ वारा सोडायला लावावा. बहुतेकांना हे एका तासात जमते.

आघात मात्र एका तासात जमत नाही. सोलच्या प्रमाण बोलीत आघाताने शब्दाचा अर्थ ठरत नाही, त्यामुळे एक अवयव फुगवायचा आणि बाकीचे दाबायचे ही कल्पनाच परकी असते. ‘जोरात बोला’ असे सांगितले, तर विद्यार्थी पाचही अवयव जोरात बोलतो. त्याऐवजी उरलेले अवयव हलके करायला शिकवावे: ‘वि’ आणि ‘टस’ यांतले स्वर पुसट करून घ्यावेत, म्हणजे ‘बिक्’ आपोआप वर येतो. बुसान किंवा देगूकडचा विद्यार्थी असेल, तर त्याच्या ग्योंगसांग बोलीत स्वराच्या उंचसखलपणाने शब्दांचे अर्थ बदलतात. ती जाणीव त्याला उपयोगी पडते, आणि त्याच्या बोलीतली उदाहरणे त्याच्याकडूनच मागून घ्यावीत.

तिसरी अडचण ‘ख्वॉ’ची आहे. कोरियन लेखनात येथे ‘अ’-‘ऑ’कडे झुकणारा स्वर आला, तर इंग्रजीत ‘वि’ किंवा अगदी पुसट ‘व’ येतो. ‘क्वीन’, ‘क्विक’ हे शब्द विद्यार्थ्याला येतच असतात. ‘क्विक’मधला ‘क्वि’ मनात धरून ‘यूबिक्विटस’ म्हणायला सांगितले, की कोरियन रूपाची सवय सुटते.

वाचताना ओळखू येणारा हा शब्द ऐकताना का निसटतो?

अमेरिकी उच्चारात दोन स्वरांच्या मध्ये येणारा ‘ट’ जिभेच्या एका झटक्यात उच्चारला जातो आणि तो ‘ट’सारखा ऐकू येत नाही. कोरियन कानाला तो दोन स्वरांमधल्या त्यांच्या ‘र’सारखा वाटतो, ‘वॉटर’ हा शब्द कोरियन लोक ‘वॉरॉ’ असा ऐकतात, हे सर्वश्रुत आहे. त्याच न्यायाने अमेरिकी वक्त्याचा ‘यूबिक्विटस’ त्यांना ‘युबिक्विरस’सारखा ऐकू येतो. पाठ केलेल्या युबिख्वॉथॉसुशी त्याचा पहिला अवयव सोडला तर काहीच जुळत नाही, आणि शब्द ओळखेपर्यंत वाक्य पुढे निघून जाते. ब्रिटिश आणि अमेरिकी दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकवावीत आणि ऐकलेले हंगुलमध्ये जसेच्या तसे लिहून घ्यायला लावावे. आपण काय ऐकतो हे कागदावर उतरले की विद्यार्थ्याला अंतर दिसते.

शब्दाच्या आधी ‘अ’ येतो की ‘ॲन’?

‘अ’ येतो. स्पेलिंगची सुरुवात स्वराच्या अक्षराने होत असली, तरी उच्चार ‘य’ने सुरू होतो. कोरियन लिहिणाऱ्यांना उपपदे मुळातच त्रास देतात, कारण त्यांच्या भाषेत ती नाहीत. येथे मात्र हंगुल मदतीला येते, कारण पहिले अक्षर ‘यु’ असेच लिहिले जाते. ते डोळ्यांसमोर आणले की चूक होत नाही.

वाक्यात हा शब्द कसा वापरायचा? कोणत्या चुका नेहमी होतात?

सर्वांत जास्त होणारी चूक संख्येची आहे. विद्यार्थी ‘पुष्कळ’ या अर्थी हा शब्द वापरतात आणि ‘देअर वेअर यूबिक्विटस पीपल ॲट द स्टेशन’ असे लिहितात. एका ठिकाणी झालेली गर्दी कितीही मोठी असली, तरी ती यूबिक्विटस नसते. हा शब्द एका जागेवरच्या ढिगाबद्दल बोलत नाही. जागा बदलत गेलात तरी तीच गोष्ट भेटत राहते, हे त्यातून सांगायचे असते. कोरियात बहुधा 24 तास उघडी राहणारी छोटी दुकाने 50,000हून अधिक आहेत आणि सोलमध्ये कोणत्याही गल्लीत वळले तरी एखादे दिसते. म्हणून ‘कन्व्हीनियन्स स्टोअर्स आर यूबिक्विटस इन सोल’ हे वाक्य अगदी योग्य आहे. हे वाक्य कोरियन विद्यार्थ्याच्या रोजच्या पाहण्यातले असल्यामुळे मी ते पहिले उदाहरण म्हणून घेते.

दुसरी चूक ‘व्हेरी यूबिक्विटस’ ही. ‘सर्वत्र’ या अर्थाच्या शब्दाला ‘फार’ जोडल्याने काही साधत नाही. इंग्रजी लेखक त्याच्या आधी ‘ऑलमोस्ट’, ‘निअरली’, ‘व्हर्च्युअली’ किंवा ‘सीमिंगली’ असे शब्द ठेवतात, म्हणजे सर्वत्रपणा थोडा कमी करतात. काळाबरोबर होणारी वाढ सांगायची असेल, तर ‘इन्क्रीझिंगली’ चालते. क्रियापद बहुधा ‘बी’ किंवा ‘बिकम’ असते: ‘स्मार्टफोन्स हॅव बिकम यूबिक्विटस’ ही रचना जशीच्या तशी उचलून तिच्यात दुसरी नामे घालण्याचा सराव करून घ्यावा. सुट्या शब्दापेक्षा अशी बांधलेली रचना लक्षात राहते आणि लिहिताना हाताशी येते.

या शब्दाचे नाम ‘यूबिक्विटी’ आहे आणि त्याचा आघात जागा बदलत नाही, तो ‘बिक्’वरच राहतो. कोरियन विद्यार्थी सुरुवातीला नामाच्या जागीही ‘यूबिक्विटस’च लिहितात. त्यामागे पुन्हा कोरियन रूपाच्या नामपणाची सवय असते, आळस नसतो. शिक्षकाने रागावण्याऐवजी हे कारण सांगावे.

‘कॉमन’, ‘वाइडस्प्रेड’, ‘प्रिव्हेलंट’, ‘परव्हेसिव्ह’ आणि ‘ऑम्निप्रेझेंट’ यांच्यापेक्षा हा शब्द वेगळा कसा?

‘कॉमन’ला कोरियनमध्ये ‘हुन्हादा’ हा नेमका प्रतिशब्द आहे. दर पाच कोरियनांमागे साधारण एकाचे आडनाव किम आहे, म्हणून किम हे ‘कॉमन’ आडनाव. ते किती आढळते एवढेच येथे सांगायचे असते. ‘वाइडस्प्रेड’मध्ये पसरण्याची क्रिया आहे, मग ती रोगाची असो वा मताची. ‘प्रिव्हेलंट’ एखाद्या काळात वा समूहात रूढ असलेल्या गोष्टीबद्दल येतो, आणि कोरियन पुस्तके त्यासाठी बरेचदा ‘मान्यॉन’ हा वाईट गोष्टींच्या फैलावासाठीचा शब्द देतात, त्यामुळे विद्यार्थ्याला तो नेहमीच नकारात्मक वाटू लागतो. ‘परव्हेसिव्ह’ म्हणजे वासासारखे आत झिरपलेले. जे डोळ्यांना सुटे सुटे, पुन्हा पुन्हा दिसते ते यूबिक्विटस, आणि जे दिसत नसतानाही सगळे व्यापून असते ते परव्हेसिव्ह, हा भेद बहुतेक वाक्यांत उपयोगी पडतो.

‘ऑम्निप्रेझेंट’चा उलगडा कोरियात फार सोपा जातो. तेथील चर्चमध्ये ईश्वराच्या सर्वव्यापित्वासाठी ‘मुसोबुजे’ हा शब्द रूढ आहे. त्याच्या चार चिन्हांचा अर्थ ‘जेथे नाही असे ठिकाण नाही’. चर्चला जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो शब्द लहानपणापासून माहीत असतो. त्याला ‘ऑम्निप्रेझेंट’शी जोडून द्यावे आणि दुकाने, मोबाइल, मोटरसायकली यांच्यासाठी ‘यूबिक्विटस’ ठेवावा.

‘क्काम्जी’ लिहून हा शब्द पाठ होईल का?

क्काम्जी म्हणजे कोऱ्या कागदावर एकच शब्द आणि त्याचा अर्थ, ओळीमागून ओळ, जागा उरेपर्यंत लिहीत जाणे. कागद काळा दिसू लागला की काम झाले. शाळांत आणि हाग्वॉन नावाच्या खासगी शिकवण्यांत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, अनेकदा शिक्षा म्हणूनही. तिने स्पेलिंग बसते, हे मान्य करावे लागेल, आणि ‘क्यू’नंतर ‘यूआय’ येणारा हा शब्द लिहायला सोपा नाही. पण दहाव्या ओळीनंतर हात चालतो आणि मन दुसरीकडे जाते. अर्थ आठवण्याचा प्रयत्नच होत नाही, कारण तो वरच्या ओळीत समोर लिहिलेला असतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवर केलेले विस्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे वारंवार दिसून आले आहे की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते. त्याच कागदाचा वेगळा उपयोग करावा. डाव्या बाजूला कोरियात सर्वत्र दिसणाऱ्या गोष्टी हंगुलमध्ये लिहाव्यात, कागद घडी घालून ठेवावा, दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला प्रत्येकीचे एकेक इंग्रजी वाक्य न पाहता लिहावे आणि काही दिवसांनी पुन्हा तेच करावे.

ध्वनिसाम्यावर आधारलेल्या युक्त्याही कोरियात लोकप्रिय आहेत: इंग्रजी शब्दासारखा ऐकू येणारा कोरियन शब्द शोधायचा आणि दोहोंना जोडणारे चित्र मनात आणायचे. ॲटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी 1975 साली रशियन शब्दांवर केलेल्या प्रयोगांत ही पद्धत परिणामकारक ठरली होती. पण या शब्दाच्या बाबतीत मी ती वापरत नाही. ध्वनिसाम्य कोरियन उच्चाराशीच साधावे लागते, आणि येथे जो उच्चार पुसायचा आहे तोच त्यामुळे पक्का होतो.

परीक्षांसाठी हा शब्द आवश्यक आहे का?

कोरियातील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा, म्हणजे सुनुंग, दर नोव्हेंबरात होते. तिच्या इंग्रजीच्या भागात 70 मिनिटांत 45 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी 17 श्रवणाचे असतात आणि ते चालू असताना देशभर विमानांची उड्डाणे व अवतरणे थांबवली जातात. अभ्यासक्रमाबाहेरचा अवघड शब्द उताऱ्यात आला, तर त्यावर तारकेची खूण करून खाली कोरियन अर्थ दिला जातो. त्यामुळे केवळ सुनुंगसाठी हा शब्द पाठ करण्याचा आग्रह धरू नये. टोफल, जीआरई किंवा इंग्रजीतून शोधनिबंध लिहिणे हे उद्दिष्ट असेल, तर मात्र तो वापरता आलाच पाहिजे.

कोरियनमध्ये यासाठी स्वतःचा शब्द घडवला गेला नाही का?

घडवला गेला. राष्ट्रीय कोरियन भाषा संस्थेने ‘युबिख्वॉथॉसु’ऐवजी ‘दुरुनुरी’ हा शब्द सुचवला होता. ‘दुरु’ म्हणजे सर्वदूर आणि ‘नुरी’ हा जगासाठीचा जुना देशी शब्द. तंत्रज्ञानाच्या चर्चेत तो फारसा रुजला नाही, पण लहान आस्थापनांतील कामगारांच्या विमा हप्त्याला साहाय्य करणाऱ्या सरकारी योजनेचे नाव म्हणून आज तो कोरियात परिचित आहे. शब्द देखणा आहे आणि वर्गात सांगण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना तो विम्याचा म्हणून ठाऊक असतो आणि त्याचा ‘यूबिक्विटस’शी असलेला संबंध ऐकून त्यांना आश्चर्य वाटते.

मराठी शिक्षकाने विशेष काय लक्षात ठेवावे?

पुण्याजवळ रांजणगावच्या पट्ट्यात कोरियन कारखाने आहेत आणि तेथे आलेल्या कोरियन कुटुंबांना इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षकही आहेत. त्यांच्यासाठी दोन सूचना आहेत. मराठीतही आघाताने शब्दांचे अर्थ सहसा बदलत नाहीत, त्यामुळे आपलाही ‘यूबिक्विटस’ पुष्कळदा सपाट निघतो. शिकवण्यापूर्वी तो ध्वनिमुद्रित करून ऐकावा. शिवाय आपला ‘ट’ मूर्धन्य आहे, जीभ मागे वळवून काढलेला. विद्यार्थ्याला तो अनुकरणासाठी देऊ नये, तेथे ध्वनिमुद्रणच वापरावे. आपल्याला एक सोयही आहे. ‘सर्वव्यापी’ म्हणताच आपल्याला परमेश्वर आठवतो आणि ‘जिकडे तिकडे’ म्हणताच रस्ता आठवतो, त्यामुळे मुसोबुजे आणि यूबिक्विटस यांतले अंतर आपल्याला समजावून घ्यावे लागत नाही.

विद्यार्थ्याला शब्द आला, हे कशावरून ठरवावे?

अर्थ विचारून ठरवू नये, तो पहिल्या दिवशीही सांगता येतो. विद्यार्थ्याला त्याच्या गावाबद्दल किंवा कामाच्या ठिकाणाबद्दल एक परिच्छेद लिहायला द्यावा आणि कोणता शब्द वापरायचा ते सांगू नये. तो स्वतःहून आला, विशेषण म्हणून आला आणि तंत्रज्ञानाखेरीज दुसऱ्या गोष्टीसाठी आला, तर लेखनापुरता तो शिकून झाला. मग तोच परिच्छेद मोठ्याने वाचायला लावावा आणि शेवटच्या ‘स’नंतर स्वर ऐकू येतो का, एवढेच ऐकावे. येत असेल, तर उच्चाराचा सराव आणखी काही आठवडे चालू ठेवावा लागतो. लेखनातला शब्द तोपर्यंत थांबवून ठेवण्याचे कारण नाही.